हाकेला ओ न देणारे तात्या

तात्यांना हाक मारली की ते येत नसत. ऐकू सगळं यायचं. आळीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बोंबील तळायला घेतले तर तेही ऐकू यायचं. पण हिराकाकूंनी ओसरीवरून "अवो, ऐकला का?" म्हटलं की तात्या कुंपणापलीकडून आमच्या गोठ्यात येऊन पेंढ्यावर बसायचे आणि मला म्हणायचे, "मी हितं नाय गो, सुमन." काकू कुंपणावरून विचारायच्या, "हितं आलेत का?" मी पेंढ्याकडे बोट दाखवायची. मला शेळ्यांचं दूध काढायचं असे, नवरा-बायकोच्या भानगडीत पडायला वेळ नव्हता.

भातसानगरला, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणावर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. तिथे ते नक्की काय करत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या बोलण्यावरून मुंबईतला प्रत्येक नळ त्यांना विचारून सुटत होता.

म्हशाच्या जत्रेतून त्यांनीच माझ्यासाठी पिल्लू आणलं. "शेळ्यांमागं फिरनारी जात हाय. बिबट्यावर पन भुंकल." मला शेळ्यांबरोबर फिरणारा मोकळा कुत्रा हवाच होता. माझ्या मुलीनं त्याचं नाव बुलेट ठेवलं. पावसाळाभर तो नुसता वाढला. साखळी सोडली की आधी शाळेत, मग शेजारच्या कोंबड्यांत, मग मुरबाडच्या रस्त्यावर डंपरच्या मागे. शेळ्यांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

गणपती गेल्यावर मी तात्यांना स्पष्ट सांगितलं. भात कापून झालं की शेळ्या शेतात सोडणार. तोवर हा मोकळा असताना जवळ राहायला शिकला तर ठीक, नाहीतर माझ्या भावाला वाशिंदला कारखान्याच्या गेटवर कुत्रा हवाय, त्याला देऊन टाकणार. तिथे जन्मभर साखळी.

तात्यांचा चेहरा उतरला. दिवाळीनंतर ते स्वतःच वाशिंदला मुलाच्या फ्लॅटवर राहायला जाणार होते, चौथ्या मजल्यावर. "आमाला दोघांना पन एकाच गावात बांधताव काय?" म्हणाले. मग उठून सदरा झटकला. "मुंबईला पानी पाजलंय मी. एक कुत्रा नाय ऐकनार?"

आधी त्यांनी शिट्टी आणली. ती वाजली की रस्त्यावरची टमटम थांबायची आणि शाळेची पोरं ओळीत उभी राहायची. बुलेट कोंबड्यांत. मग एका संध्याकाळी मी त्याला हाक मारली. तो दहा हातांवर, मान वळवून, हाक दुसऱ्या कुणाला असावी अशा थाटात उभा राहिला. पेंढ्यावर बसलेले तात्या एकदम खूश झाले.

"आरं, हा तर माझ्यावानी हाय! तू त्याला हाक कवा मारतेस? साखळी हातात आली की. हिरा मला हाक कवा मारते? गॅसची टाकी आली की. मंग येल कोन?"

तिथून उपाय सुरू झाला. उगाचच हाक मारायची, आला की सुकटीची चिमूट द्यायची आणि परत सोडून द्यायचं. साखळी दाखवायचीच नाही. तात्यांच्या सदऱ्याचा खिसा सुकटीनं भरला. बुलेट जवळ राहू लागला. त्याच्याबरोबर तीन मांजरं, आळीतली बाकीची कुत्री आणि एक कोंबडाही. तात्या दुकानात निघाले की मिरवणूक निघाली असं वाटे. घटस्थापनेला काकूंनी खिसा उलटा करून धुतला. नऊ दिवस तात्यांनी उकडलेलं रताळं दिलं. बुलेटनं नवरात्र काही पाळलं नाही, तो डंपरमागे गेला.

भात कापून झालं आणि शेळ्या शेतात सोडल्या. त्या दिवशी तात्यांना शहापूरला साखरपुड्याला जायचं होतं. इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा आणि टोपी घालून ते "फक्त बघायला" आले. बांधावरून मुंगूस पळालं आणि बुलेट त्याच्यामागे थेट रस्त्याकडे. मी तोंड उघडलं.

"गप! आता मारलेली हाक फुकट जाल," असं म्हणून तात्यांनी पाठ फिरवली आणि उलट्या दिशेला पळत सुटले. चार ढांगांत ते कापलेल्या भाताच्या खुंटांत आडवे झाले. मुद्दाम झोपले की पडले, हे अजून ठरलेलं नाही. बुलेटनं मागे वळून पाहिलं. मुंगसापेक्षा हे त्याला बरं वाटलं असावं. तो आला आणि त्यांच्या छातीवर बसला. पाठोपाठ शेळ्या आल्या, एकीनं टोपी उचलली. तेवढ्यात काकू नवऱ्याला शोधत आल्या आणि त्यांनी हंबरडाच फोडला, "अवो! अवो!"

"वरडू नको गो," पडल्या पडल्या तात्या म्हणाले, "त्याचं ध्यान जातं." पुढं काकू जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी शेळीच्या तोंडातून टोपी ओढून काढली. "तात्या, हा तुमच्याकडे आला. तुम्ही चाललात वाशिंदला. माझ्याकडे कधी येणार?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुत्र्याला सोडून मला शिकवायला घेतलं. सगळा दोष माझ्या आवाजाचा. "जप्ती आनल्यावानी वरडतेस. जरा जावई आल्यावानी हाक मार गो." मी गोठ्यात उभी राहून जावई आल्यासारख्या हाका मारायची आणि पलीकडून काकू खो-खो हसायच्या. बुलेट कधी यायचा, कधी तात्यांच्या खिशाकडे जायचा.

दिवाळी झाली. टेम्पोत गाद्या, कपाट आणि काकूंची तुळस चढली. तात्या ड्रायव्हरशेजारी बसले. टेम्पो निघाला तसा मोकळा बुलेट त्याच्यामागे सुटला. तात्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, हात खिशाकडे गेला, तोंडही उघडलं. मग त्यांनी तोंड मिटलं, डोकं आत घेतलं आणि काच वर केली.

मी एकच हाक मारली. जावयाची.

बुलेट रस्त्याच्या मधोमध थांबला. टेम्पोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टेम्पोकडे. मी हलले नाही. तो आला. मी कमरेला खोचलेली सुकट त्याला दिली आणि म्हटलं, जा. तो शेळ्यांकडे गेला.

वळणावर टेम्पोची काच खाली झाली. "बांधलास काय गो?" तात्या ओरडले.

"नाही हो!"

संध्याकाळी भावाला फोन केला. म्हटलं, गेटसाठी दुसरा कुत्रा बघ.