उठलो, पण हाक आली नाही

आमच्या मुलीला शाळेत प्रवेश पहिल्याच फटक्यात मिळाला आणि मला संशय आला तो तिथूनच.

मी जुन्या मोटारसायकलींचा धंदा करतो. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ माझं दुकान आहे. आठवीत शाळा सुटली तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्या धूत होतो. आज दुकानासमोर माझ्या स्वतःच्या गाड्यांची रांग उभी असते. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो. जी गाडी सहज मिळते, तिचं इंजिन आधी उघडून बघायचं. "एकाच मालकाची आहे, डॉक्टरांची आहे, दवाखान्यापलीकडे गेलीच नाही" असं जो गोड हसत सांगतो, त्याच्या गाडीचा धूर पार होटगी गावावरून दिसतो!

आणि इथे तर सोलापुरातल्या ज्या शाळेसाठी लोक नवस बोलतात, त्या शाळेनं आमच्या आर्याला पहिलीत असंच घेतलं? ना ओळख, ना चिठ्ठीचपाटी? काहीतरी भानगड नक्की होती.

तशी सोडत माझ्या डोळ्यांदेखत झाली. काचेच्या बरणीत चिठ्ठ्या होत्या आणि तिसरीतली एक मुलगी डोळ्यांवर रुमाल बांधून त्या काढत होती. बाकीचे पालक देवाचं नाव घेत होते, मी बरणी न्याहाळत होतो. बरणी अगदी आरपार दिसत होती. एवढं आरपार दाखवायची गरज काय? पाचवीच चिठ्ठी आर्याची निघाली. माझी बायको रेखा तिथेच डोळे पुसायला लागली. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. आपण दोघं शाळेतून मध्येच उठलो, पोरगी तरी चांगल्या शाळेत पहिल्या बाकावर बसावी, एवढंच तिचं मागणं होतं. (माझंही होतं. पण हवी ती वस्तू हवी आहे असं तोंडावर दिसू द्यायचं नसतं.)

माझ्या दुकानाशेजारी सलीमभाईंचं टायरचं दुकान आहे. त्यांच्या अयानचं नाव सोडतीत लागलं नाही; प्रतीक्षा यादीत मात्र पहिलं आलं. तरी त्यांनी मला मिठी मारली.

"मुबारक हो भाई! मिठाई मंगाओ!"

"सलीमभाई, पाचव्या चिठ्ठीला नाव निघतं का कुठे?"

"तो क्या पचासवीं को निकलना था? क्या तो भी सोचते रहते तुम! नंबर लग्या तो जाके बैठना, इत्तीच बात."

इत्तीच बात! अशाच बोलण्यानं लोक ठोकलेल्या गाड्या नव्याच्या भावात घेऊन जातात.

कागदपत्रं द्यायला चार दिवस होते. तेवढ्यात मी शाळेची चौकशी केली. समोरच्या रसवंतीवाल्याकडे तीन ग्लास रस प्यायलो आणि विषय काढला.

"शाळा कशी आहे ही?"

"लई झ्याक."

"ते सगळेच म्हणतात. खोट काय आहे ते सांगा."

त्यानं बराच विचार केला. "रविवारी बंद असती."

चौथा ग्लास पिऊन मी परत आलो. इतकी खबरदारी घेऊन लपवलेली खोट मी आजवर पाहिली नव्हती!

ठरलेल्या दिवशी रेखानं गाडीवर बसायच्या आधीच बजावलं. ती अक्कलकोटकडची आहे, राग आला की तिच्या मराठीत कानडी मिसळतं.

"कागद द्यायचे, सही करायची, यायचं. तुम्ही तिथं सुम्मने बसायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"मी कुठे काय बोलतो?"

"फ्रिज घेताना त्या माणसाला रडवला तुम्ही!"

(रडला नव्हता. डोळ्यात काहीतरी गेलं होतं त्याच्या.)

शाळेच्या व्हरांड्यात सलीमभाई बसले होते. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या तिघांनाही त्या दिवशी बोलावलं होतं. प्रवेश मिळालेलं कोणी आलं नाही किंवा कोणी नको म्हटलं, तर जागा त्यांना मिळणार होती. हे मी ऐकलं होतं. ऐकून विसरलो होतो, ही माझी पहिली चूक.

मुख्याध्यापिका बाई साठीच्या आसपासच्या, बारीक चष्म्याच्या. आवाज असा शांत, की गिऱ्हाईक म्हणून दुकानात आल्या असत्या तर मी आधी स्वतःसाठी पाणी मागवलं असतं.

"या, बसा."

बसण्याआधी मी खुर्ची हलवून बघितली. (सवय!) मग वर बघितलं.

"पंखा आवाज करतो तुमचा."

"हो, करतो," बाई म्हणाल्या.

मी सावध झालो. मालातली खोट दाखवल्यावर जो वाद घालतो त्याला मी पाच मिनिटांत खाली आणतो. जो "हो" म्हणतो, तो फार खोल पाण्यातला असतो.

"देणगी किती?" मी सरळ विषयाला हात घातला. रेखानं टेबलाखालून चिमटा काढला.

"आम्ही घेत नाही."

"म्हणजे नंतर घेणार?"

"नंतरही नाही."

"गणवेश तुमच्याच दुकानातून?"

"कुठूनही शिवा. घरी शिवलात तरी चालेल."

 जिथे समोरचा काही मागतच नाही, तिथे कमी काय करून घ्यायचं? मग मी मालाचे दोष काढायला घेतले.

"एका वर्गात चाळीस मुलं म्हणजे जास्त होतात."

"बरं."

"मैदान लहान आहे."

"बरं."

"आमच्या घरापासून लांबही पडते शाळा."

"बरं," म्हणत बाईंनी फॉर्म आमच्याकडे सरकवला. "पालकांची सही इथे."

आता एकच हत्यार उरलं होतं. आमच्या धंद्यात त्याला 'उठणं' म्हणतात. हेल्मेट उचलायचं, "बघतो मग, सांगतो" म्हणायचं आणि चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. चौथ्या पावलाला समोरचा अस्वस्थ होतो, सातव्याला उभा राहतो आणि नवव्याला हाक येते, "अहो साहेब, बसा की!" एकदा एका खवटानं मला तेवीस पावलं चालवलं होतं, पण हाक मारलीच. त्या दिवसापर्यंत एकही उठणं माझं वाया गेलेलं नव्हतं.

यातून मला नेमकं काय पदरात पाडून घ्यायचं होतं, ते मला आजही माहीत नाही. पण घासाघीस न करता वस्तू घेऊन घरी जाणं मला जमत नाही, पोटात दुखतं.

मी हेल्मेट उचललं. "बघतो मग. सांगतो तुम्हाला."

"बरं," बाई म्हणाल्या.

एक, दोन, तीन. चौथ्याला दार आलं. सातव्याला व्हरांडा. नववं पाऊल मी जरा लांबवून टाकलं. हाक नाही. पंधराव्याला फळा होता, त्यावरचा सुविचार मी दोनदा वाचला. विसाव्याला पाण्याची टाकी. चोविसावं पाऊल टाकून माझा जुना विक्रम मोडला. तिसाव्याला मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो आणि लक्षात आलं की पायात चप्पल आहे.

"काय हरवलं ओ?" शिपाई मावशी झाडू थांबवून बघत होत्या.

"काही नाही."

"मग कुटं निघालाव? काम झालं व्हय?"

"होईल. हाक येईल आता."

"कुणाची?"

याचं उत्तर द्यायला मी वळलो आणि बघतो तर मागे रेखा नाही! माणूस उठला की त्याच्या बायकोनं पण उठायचं असतं, ही साधी रीत. नाहीतर सौद्याला वजन कसं येणार? पण म्हटलं असू दे, ती आत मऊ बोलत असेल. दोघांत एक कडक आणि एक मऊ असलं की सौदा लवकर पटतो.

आतून घंटी वाजली. मावशी आत जाऊन बाहेर आल्या आणि व्हरांड्यात आवाज घुमला, "अवो, थांबा थांबा! म्याडमनी बोलावलंय!"

आली! मी लगेच वळलो नाही. लगेच वळलं की भाव पडतो. मनात तीन आकडे मोजले, चेहऱ्यावर थोडी नाराजी आणली आणि सावकाश वळलो. मावशी माझ्याकडे पाठ करून सलीमभाईंना हात करत होत्या.

"या लवकर. एक जागा निघाली हाय."

एक जागा निघाली! माझ्या पायाखालची फरशी सरकली. सकाळपासून "नको" म्हणून उठलेला माणूस त्या इमारतीत एकच होता, आणि तो चपलेची नाडी बांधत होता!

"भाई!" सलीमभाई धावत आले आणि मला कडकडून मिठी मारली. "अल्ला का करम! अयान का हो गया!"

त्या मिठीत माझ्या डोळ्यांपुढे आर्या उभी राहिली. तिनं आदल्या दिवशी दप्तर भरून दारात ठेवलं होतं. दप्तरात एक वही, एक पेन्सिल आणि एक अख्खी बाहुली. घरी जाऊन तिला काय सांगणार होतो? तुझा बाप चांगला उठला, पण हाक आली नाही?

तीस पावलं मी आठ उड्यांत परत कापली. सलीमभाईंच्या आधी आत घुसलो.

"मॅडम, चुकलं! पंखा चांगला आहे! आवाज करतो म्हणून तर वारा येतोय हे कळतं! मैदान भरपूर मोठं आहे! शाळा लांब नाही, आम्हीच लांब राहतो, आम्ही घर बदलतो! तुम्ही म्हणाल ते करतो, पण पोरीची जागा देऊ नका कुणाला!"

खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. दारात सलीमभाई, खुर्चीत रेखा. रेखानं डोक्यावर हात मारून घेतला.

बाईंनी चष्मा वर केला. "म्हणेन ते कराल?"

"म्हणाल ते!"

"बरं." त्यांनी खणातून एक कागद काढला. "करा सही."

जो माणूस गाडीचं आरसी बुक भिंग लावून वाचतो, त्यानं तो कागद न वाचता सही केली. इंग्रजीत करायची ती गडबडीत मराठीतच केली.

"आता आर्याची जागा पक्की ना?"

"आर्याचा प्रवेश केव्हाच झाला," रेखा दात आवळून म्हणाली. "तुम्ही दारापाशी होता तेव्हाच मी सही केली. आईची चालते!"

"मग ही निघालेली जागा?"

"एका मुलाच्या वडिलांची बदली झाली," बाई म्हणाल्या. "त्यांनी आत्ताच फोन केला."

"मग मी सही कशावर केली?"

"पालक स्वयंसेवक. रोज सकाळी शाळा भरताना अर्धा तास गेटवर रहदारी सांभाळायची. फार दिवस विचारतेय, कोणी तयारच होत नव्हतं."

आणि त्यांनी त्याच खणातून एक शिट्टी आणि नारिंगी जाकीट काढलं. जाकीट माझ्या मापाचं निघालं! म्हणून मला अजून संशय आहे.

"भाई, मेरेको तो पूछे भी नहीं," सलीमभाई हळहळून म्हणाले. त्या माणसाला खरंच वाईट वाटलं होतं.

आर्या आता पहिल्या बाकावर बसते. मी वर्षभर गेटवर उभा राहिलो. माझी गिऱ्हाईकं मुलांना सोडायला येतात आणि मी हात केला की थांबतात. दुकानात त्यांना इतकं ऐकायला लावणं मला कधी जमलं नाही. पण बाईंवरचा माझा राग गेलेला नाही. माणूस उठून चालला तर एक हाक मारायची असते. त्याला पैसे पडत नाहीत!

वर्ष संपलं तेव्हा सुटका करून घ्यायची, असं ठरवून मी एकटाच बाईंकडे गेलो. रेखाला सांगितलं नाही. या वेळी पूर्ण तयारी केली होती.

"मॅडम, सकाळी माझा काहीच उपयोग नाही. पोरं एकेक करून येतात, रस्ता मोकळा असतो. नुसता माणूस अडकून पडतो. खरी गर्दी दुपारी शाळा सुटताना होते. रिक्षा, गाड्या, त्यात पोरं सुसाट पळतात. तिथं माणूस पाहिजे."

"अगदी खरं बोललात," बाई म्हणाल्या. "माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. बरं. मग तुम्ही दोन्ही वेळा या."

आता भर दुपारी, सोलापूरच्या उन्हात, नारिंगी जाकीट घालून मी दुसऱ्यांदा उभा असतो. घरी सांगितलंय, दुपारची पाळी कोणालाच देत नव्हते, मी भांडून मिळवली.