गल्लीतलं पहिलं पाण्याचं मीटर

आमच्या गल्लीत पाण्याचं पहिलं मीटर माझ्या घरी बसलं, आणि ते बसवण्याची माझ्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नव्हती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की या माणसाला कोणीतरी फसवलं असणार. नाही हो! अर्ज मी स्वतः केला, रांगेत मी स्वतः उभा राहिलो आणि मीटर बसवणाऱ्याला चहासुद्धा मीच पाजला.

त्याचं असं झालं. इतकी वर्षं आमच्या परभणीत पाणीपट्टी सरसकट होती. घरात दोन माणसं असोत की बारा, पट्टी सारखीच. आणि माझा शेजारी दिगंबर दुधाचा धंदा करणारा. गोठ्यात चार धष्टपुष्ट म्हशी. आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी येतं. त्या दिवशी या म्हशींचं जे अभ्यंगस्नान चालायचं, ते मी गच्चीवरून बघायचो आणि रक्त आटवायचो. म्हशी धुणार, जीप धुणार, गोठा धुणार, आणि पट्टी माझ्याएवढीच! त्यामुळे शहरात आता मीटरप्रमाणे बिल येणार असं कळलं, तेव्हा मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता एवढा आनंद झाला.

गल्ली मात्र बिथरली होती. संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर सगळे जमले.

"सर, हे मीटर म्हंजे रिक्षाच्या मीटरवानी पळंल बगा!"

"उगं बेजार करायलेत गरिबाला!"

मी उठलो. (जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे चार माणसं बसलेली दिसली की मला उभंच राहावंसं वाटतं.) "जेवढं पाणी वापराल तेवढंच बिल! यात घाबरण्यासारखं काय आहे? मी पहिला बसवतो. माझं बिल जुन्या पट्टीपेक्षा कमी आलं तर सगळ्यांनी मीटर बसवायचं. जास्त आलं, तर मी या गल्लीच्या कारभारात पुन्हा तोंड उघडणार नाही!"

या शेवटच्या वाक्यावर काही जणांचे डोळे एकदम चमकले. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून दिगंबर म्हणाला, "सर म्हणतेत तर खरंच असंल. सरांच्या संगं माझं बी बसवून टाका."

मला भरून आलं. सावज आपल्या पायांनी चालत आलं होतं!

मीटर बसलं. आता प्रश्न इभ्रतीचा होता, त्यामुळे मी घरात आणीबाणी पुकारली. सगळ्यात पहिला खटका उडाला तो आईशी. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी एक रिवाज आहे. नवं पाणी आलं की घरातलं जुनं पाणी शिळं! हौद, ड्रम, रांजण, कळश्या, सगळं उपसून रस्त्यावर ओतायचं, भांडी घासायची आणि ताजं पाणी भरायचं. आईच्या हयातीत हा रिवाज एकदाही चुकलेला नाही.

"आई, आजपासून एक थेंबही रस्त्यावर सांडायचा नाही."

"अन् शिळं पाणी प्यावं का मग?"

"पाणी काय भाकरी आहे का शिळं व्हायला?"

"अन् ड्रम घासावं कसं? भरल्या ड्रमात उतरून?"

"ते मला माहीत नाही. सांडायचं नाही म्हणजे नाही!"

आई गप्प बसली. (आई गप्प बसली म्हणजे आपण जिंकलो, असं मला साठी उलटल्यावरही वाटतं.)

मग मी बाकीच्यांकडे वळलो. अंघोळीला अर्धी बादली. पाहुण्याला अर्धा पेला, तहान उरलीच तर पुन्हा मागावं. बायकोनं, म्हणजे मंदानं, भांडी घासताना ड्रमची तोटी मोठी सोडली की मी मागून खाकरायचो. ती म्हणाली, "तुमी रिटायर कशाला झालाव हो? शाळेतली पोरं तेवढी सुखी झाली, अन् आमी मात्र फुकट मेलाव!"

त्यात मुलीला घेऊन जावई आले, तेही गंगाखेडचे! गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी वाढलेला माणूस, त्याला पाणी जपून वापरायची सवय कुठून असणार? न्हाणीतून आवाज आला, "मामा, जरा दुसरी बादली..."

"पहिली संपली?"

"साबण लावलाय, मामा!"

"मग टॉवेलनं पुसून घ्या!"

मुलगी संध्याकाळच्याच गाडीनं नवऱ्याला घेऊन परत गेली. जाताना पाया पडली, पण बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. पण पुढच्या पाण्याला मीटर तेवढं कमी फिरेल, या विचारानं जरा बरंही वाटलं.

पण कमी कुठलं फिरतंय! पाण्याच्या दिवशी मी अंगणात मीटरसमोर खुर्ची टाकून बसायचो. मागं आई आणि मंदा पाणी भरायच्या, पुढं मी आकडे बघायचो. आणि ते आकडे थांबायलाच तयार नसायचे! घरात सगळे कोरडे ठणठणीत, आणि मीटर मात्र सुसाट! मी मंदावर ओरडलो, तुळशीला पाणी घालण्यावर बंदी आणली, शेवटी निष्कर्ष काढला की जमिनीखाली गळती असणार. प्लंबर बोलावला. अंगणातली फरशी उखडली, न्हाणीपर्यंत चर खणला. पाइप ठणठणीत! गळती सापडली नाही, उलट चरात पडून माझाच पाय मुरगळला.

मी लंगडत दूध आणायला गेलो की दिगंबर हात जोडायचा. "सर, तुमची लय मेहरबानी हाय बगा."

मला वाटायचं, मीटरचा सल्ला दिला म्हणून म्हणत असेल. बिल आल्यावर कळेल तुझी मेहरबानी, असं मी मनात म्हणायचो. दूध मात्र अलीकडे एकदम छान यायला लागलं होतं, बोटभर साय धरायची.

आणि बिलं आली. गल्लीनं आमच्या दारात गर्दी केली. चर चुकवून जिथं जागा मिळेल तिथं लोक उभे राहिले. मी बिल उघडलं. जुन्या पट्टीच्या मानानं चांगलंच जास्त! माझ्या तोंडाला कोरड पडली. (घरात प्यायला अर्धाच पेला.) मग कोणीतरी दिगंबरचं बिल मोठ्यानं वाचलं. ते जुन्या पट्टीपेक्षा कमी होतं. चार म्हशी, एक जीप, आणि कमी!

माझा तोल गेला. "याचं मीटर बंद आहे! नाहीतर यानं मीटरच्या अलीकडून चोरून पाइप जोडलाय! चार म्हशी काय हवेनं धुतो का हा?"

दिगंबरचा चेहरा पडला. "सर, असं काय बोलायलाव? तुमच्याच पाण्यावर तर म्हशी धुवायलोय मी!"

"माझ्या?"

"व्हय की. पाण्याच्या दिवशी आजी मागल्या भिंतीवरून पाइप टाकतेत. गोठ्यातला हौद गच्च भरतोय. मला वाटलं, तुमीच सांगितलं असंल. म्हणून तर रोज मेहरबानी म्हणायलो!"

मी किंचाळलो, "आई!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. गर्दी बघूनही तिच्यात काही फरक पडला नाही.

"आई, तू यांच्या म्हशींना आपलं पाणी दिलंस?"

"शिळं दिलं. ताजं कशाला देईन?"

"मी सांगितलं होतं ना..."

"तू सांगितलास, रस्त्यावर थेंब सांडायचा न्हाई. सांडला का? ईचार ह्या समद्यांला, सांडला का एक तरी थेंब? मुक्या जनावराच्या मुखी गेलं."

"पण आई, ते मीटरनं मोजलेलं पाणी होतं!"

"मग? मोजल्यावर शिळं व्हत न्हाई का?"

गल्लीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अन् ह्या टायमाला तर लयच उरायलं व्हतं," आई पुढं म्हणाली. "घरात कुणी धड अंघोळच करंना! दर पाण्याला ड्रमच्या ड्रम शिल्लक. म्हशी बी चकाचक झाल्या. अन् सायीचं तूप वाटीवाटीनं खाताना इचारलास का, दूध एवढं कसं काय चांगलं यायलंय म्हणून?"

म्हणजे मी जेवढं वाचवत होतो, तेवढ्या दिगंबरच्या म्हशी उजळत होत्या! माझा जावई अंगाला साबण लावून उभा होता, तेव्हा भिंतीपलीकडे म्हशी डुंबत होत्या! मला रडावं की आईच्या पाया पडावं, ते कळेना. मी खुर्ची शोधली. ती चरात पडली होती.

गल्लीला मात्र मुद्दा पटला. मीटरनं बिल कमी येऊ शकतं, हे डोळ्यांनी दिसलं होतं. एकानं विचारलं, "दिगंबर, बिल कमी यायला काय करावं लागतं रं?"

"काई न्हाई," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सरांच्या शेजारी ऱ्हावं लागतं."

तेव्हापासून शब्द दिल्याप्रमाणे मी गल्लीच्या कारभारात तोंड उघडत नाही. आमच्या दुसऱ्या बाजूचा प्लॉट कित्येक वर्षं रिकामा पडलाय, त्याला आता अचानक गिऱ्हाइकं यायला लागलीत. परवा पूर्णेहून रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थ बघायला आले. भाव विचारला नाही, रस्ता विचारला नाही, दिशाही विचारली नाही. माझ्या दारात उभे राहिले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "सर, मातोश्रींची तब्येत चांगली हाय ना?"