सुपडूबाबांची हमी आणि डॉक्टर वासुदेवराव

डॉक्टर वासुदेवराव यांची व माझी पहिली भेट बुऱ्हाणपुरात, तुरुंगाच्या फाटकाशी झाली. संध्याकाळच्या गिनतीत एक कैदी कमी भरल्याचे कळले, म्हणून मी बातमीसाठी धावलो होतो. तेवढ्यात तुरुंगाचे हे डॉक्टरसाहेब एका म्हाताऱ्याचा हात धरून आले. कमी भरलेले कैदी ते हेच, सुपडूबाबा; ते पळाले नव्हते. आपली बराक विसरून स्वयंपाकघरामागे बसले होते.

"बुढ्ढा नाटक करतो, साहेब," हवालदार म्हणाला. "मागं तुम्हीच तर लिहून दिलं होतं."

ते खरे होते. 'कैदी सोंग करतो' हा शेरा डॉक्टरसाहेबांचाच होता, आणि त्यावरून बाबांना शिक्षेत मिळालेले माफीचे दिवस कापले गेले होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच नोंदवहीत लिहिले, 'माझे निदान चुकले. या माणसाची स्मृती जात आहे.' आपली चूक सरकारी कागदावर मांडणारे अधिकारी मला नंतर फार भेटले नाहीत.

मग त्यांनी बाबांच्या सुटकेसाठी अर्ज केला. राज्यांची नवी जुळणी चालू होती, राजधानी नागपूरहून भोपाळला हलत होती. नागपूरला गेलेला कागद भोपाळला पोचलाच नाही. साहेबांनी पुन्हा लिहिले, तिसऱ्यांदा लिहिले. तोवर बाबांना जेवल्याचेही आठवेनासे झाले. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून सख्खा भाऊ मेला होता. आता ते रोज विचारत, "भाऊ भेटीला कधी येईल?"

अखेर हुकूम आला, पण नातेवाइकाने महिन्याभरात हमी द्यावी या अटीवर. नातेवाईक एकच उरला होता, त्या भावाचा मुलगा. साहेब स्वतः त्याच्या गावी, शाहपूरला गेले. मी सोबत होतो.

"माझ्या बापाला मारलं त्यानं, डाक्टरसाहेब. अन् मीच त्याला भाकर घालू?"

"घाला असं मी म्हणत नाही. एकदा येऊन बघा फक्त."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो आला. बाबांनी त्याला न्याहाळले. "केवढा झाला रे! बाप नाही आला?"

पुतण्या म्हणाला, "तो केळीला पाणी देतोय, काका." आणि त्याने हमीवर अंगठा उमटवला.

"छापू नका. त्या घराला जगू द्या," साहेबांनी मला बजावले. ते स्वतः मात्र निर्धास्त झाले नाहीत. दर पंधरवड्याला शाहपूरच्या मोटारीत ते मला विचारत, "बाबांना एखाद्या दिवशी भावाचं आठवलं तर?" तिथे पोचल्यावर ते बाबांची नाडी पाहत आणि पुतण्याचा चेहराही. दोन वर्षांनी बाबा त्याच घरात वारले. त्यांना काही आठवले होते का, हे पुतण्याने सांगितले नाही आणि साहेबांनी विचारले नाही. आज त्या घराच्या संमतीनेच हे लिहितो आहे.

साहेब पंचाहत्तर वर्षांचे झाले. अजूनही दर आठवड्याला ते वृद्ध कैद्यांजवळ जाऊन बसतात, नाव, गाव, मुलेबाळे विचारतात. "माझ्यामागे यांना कोण विचारील?" असे ते परवा म्हणाले. साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो; आणि हे वाचणाऱ्यांपैकी एखादा तरुण डॉक्टर, त्यांच्या हयातीतच, त्यांच्या शेजारी येऊन बसो.