काचेवरची म्हैस

सांगलीत आमच्या कोपऱ्यावर एकाचं झेरॉक्सचं दुकान होतं. वर्तमानपत्रातली चित्रं कापून तो काउंटरच्या काचेवर चिकटवायचा आणि खाली एखादी ओळ लिहायचा. त्याची एक म्हैस तर गावभर गाजली: "साहेब जेवायला गेलेत. काम असंल तर मला सांगा." लोक तिच्या प्रती नेत. माधवनगरच्या गिरणीतून एखादी प्रत ओळ बदलून परत आली, की सगळ्यांत जास्त तोच हसे.

पत्नी गेल्यावर मी तिच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला गेलो, तेव्हा त्यानं चित्रं झाकायला घाईनं काचेवर पेपर टाकला. पुढे कित्येक महिने मी दिसलो की पेपर पडायचा आणि तो देवळात उभा असल्यासारखा गप्प व्हायचा.

शेवटी मीच म्हणालो, "अहो, दाखवा की."

"नको सर. लय वात्रट हाय."

मी पेपर बाजूला केला, म्हशीची जुनी ओळ खोडली आणि मास्तरी सवयीनं लिहिलं: "समजलं नाही ते विचारा."

काही दिवसांनी त्यानं भीतभीत एक प्रत पुढे केली. "जतवरनं आलंय. रागावू नका, सर."

माझ्या ओळीखाली कुणीतरी लिहिलं होतं: "विचारलं. सरांनाबी म्हाईत न्हाई."

मी मोठ्यानं हसलो. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, त्या दिवशीही काचेवर टाकलेला पेपर काढला आणि रद्दीत टाकला.