बरणीच्या तळाचं पाणी

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, माफी असावी.

गोल बाजारातल्या त्या लोणचेवाल्याचं नाव मला माहीत नाही. चव द्यायला तो फोड गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो आणि तोंडाकडे बघत राहतो. मला चारचौघांत बोलता येत नाही. माझं तोंड बघूनच तो म्हणतो, "खारट लागून राहिलं ना, दीदी? दुसरं देतो."

उन्हाळ्यात त्याच्याकडून लिंबाचं लोणचं आणून घरच्या काचेच्या बरणीत भरलं. आठ दिवसांत बुरशी आली. मी बरणी तशीच दुकानात नेली. त्याने वास घेतला, बरणी तिरपी करून तळाशी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"चूक माही आहे, दीदी," म्हणत त्याने सगळे पैसे परत दिले. ते ऐकून शेजारी उभी असलेली गिऱ्हाईक बाई काही न घेताच निघून गेली.

घरी बरणी रिकामी करताना तळाला पाणी दिसलं. धुतलेली बरणी मी उन्हात वाळवलीच नव्हती.

चार दिवस मी त्या बाजूला फिरकले नाही. पाचव्या दिवशी भर गर्दीत म्हणाले, "भैया, तुमचं लोणचं चांगलं होतं. माहीच बरणी ओली होती."

"मले मालूम होतं."

"मग काहून नाही बोलले?"

"तुमचं तोंड रडकं झालं होतं, दीदी."

मी पैसे पुढे केले. वाटलं, नको म्हणेल. त्याने नोटा नीट मोजल्या आणि सगळ्या गल्ल्यात ठेवल्या.