काका-काकूंचा टपाली संसार

आमच्या खोपटच्या पक्ष-ऑफिसात पत्रकं कमी पडतात, प्रभाकरकाका आणि सुमनकाकूंचे किस्से कधीच नाही. एक सांगायला घेतला की चहा येईपर्यंत चार होतात! काका पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते, महिनोन्‌महिने सातपुड्यातल्या पाड्यांवर. तिकडे मोबाइलला रेंज नाही. काकू इकडे डोंबिवलीत नगरसेविका. संसार चालला तो पोस्टावर.

*

एकदा काकांनी दोन पत्रं टाकलेली, एक ऑफिसला, एक घरी. पाकिटं बदलली! मीटिंगमध्ये मी मोठ्याने वाचायला घेतलं, "प्रिय सुमन, काल चांदण्यात तुझी फार आठवण आली..." अध्यक्ष म्हणाले, "ठरावाला अनुमोदन कोण देतंय?"

तिकडे काकूंच्या हातात, "मोर्चाला पाचशे माणसं आणा." त्यांनी उत्तर धाडलं, "पाचशेंचं बघते. आधी तुम्ही एकटे घरी या."

*

काका एका आंदोलनात आत गेलेले. तुरुंगात पत्र आधी जेलर वाचतो. काकूंनी वरतीच लिहिलं, "जेलरसाहेब, वाचताच आहात तर यांना बीपीची गोळी घेतली का विचारा. मला खोटं सांगतात."

झालं! रोज सकाळी बराकीसमोर आरोळी, "प्रभाकरराव, गोळी!"

सुटल्यावर काका म्हणाले, "बाहेर सरकारशी भांडता येतं रे. आत सरकार हिच्या पार्टीत!"

*

काकू पहिल्यांदा निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा काकांनी तिकडून लांबलचक भाषण लिहून पाठवलं. काकूंनी कळवलं, "भाषण छान. तुम्ही उभे राहाल तेव्हा वापरा."

आणि निवडून आल्या!

*

एकदा मात्र गंमत नव्हती. काकूंचं ऑपरेशन झालं. काकांचं पत्र आलं, "काळजी घे, इथे काम अडलंय." काकूंनी पाकीट पाठवलं. आत कोरा कागद.

काका मिळेल त्या जीपने निघाले. दाढी वाढलेली, दारात उभे. "काहीच लिहिलं नाहीस?"

"लिहिलं असतं तर उत्तर पाठवलं असतंत. आलात ना?"

*

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून काका आता कायमचे डोंबिवलीच्या घरी. मध्ये भेटायला गेलेलो. निघताना त्यांनी हळूच पाकीट दिलं, "जाताना पेटीत टाक रे."

पत्ता त्यांच्याच घरचा, नाव काकूंचं!

"काका, काकू आत स्वयंपाकघरात आहेत!"

"माहितेय. टाक तू."

पुढच्या आठवड्यात परत गेलो, तर पोस्टमन दारातच. काकूंनी पाकीट घेतलं, गॅलरीत जाऊन वाचलं. चष्मा पुसला. मग चपला घालायला लागल्या.

"अगं, कुठे निघालीस?" काकांनी विचारलं.

"पोस्टात. तिकिटं संपलीत."