केळफुली नखं

आईचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एका नवरीचा हात होता. लग्न दोन दिवसांवर आलेलं, दहाही बोटांवर लांब नखं चिकटवून झालेली, आता त्यांवर आरशासारखी चकाकणारी पावडर घासायची होती. फोन मी खांद्याने कानाशी दाबून धरला. आई दोंडाईचाहून बोलत होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरहून. बहिणीचा नवरा जाऊन आठवडा झाला होता. आई दबक्या आवाजात म्हणाली, "येतांना तुनं मशीन लई ये. तिना नखेसना रंग निंघत नही."

मला क्षणभर कळेनाच. मशीन म्हणजे नखावरचा जेल घासून काढायचं माझं छोटं यंत्र. ते दुःखाच्या घरी कशाला? मग कळलं, विधवेच्या बोटांवर रंग नको होता त्यांना. नवरीला मी सांगितलं की पाच मिनिटं थांब, पाणी पिऊन येते. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघून एक शिवी दिली. कोणाला दिली ते आजही नक्की सांगता येणार नाही.

जळगावात घराच्या पुढच्या खोलीत मी हे काम करते. शाळेत असताना आम्ही दोघी बहिणी काडेपेटीच्या काडीने नखांवर ठिपके काढायचो, चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या लावून रेघा मारायचो. आता पोरी मोबाइलवर बघून घरीच जेल सुकवायचा दिवा मागवतात, जेल लावतात, आणि बिघडलं की माझ्याकडे येतात. या धंद्यात मी एक गोष्ट शिकले आणि तिचा मला मनापासून संताप येतो. बाईचं नख हे सगळ्या गावाचं असतं. लग्नात सासूच म्हणते, फोटोत हात चांगले दिसू द्या, लांब नखं लावा. त्याच सासूला पाचव्या दिवशी त्याच नखांनी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलेलं चालत नाही. मग नवरी रडत माझ्याकडे येते, काढा म्हणते. मी काढून देते, पण प्रत्येक वेळी दात-ओठ खात.

बहिणीची ती नखं मीच केलेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी जळगावला आली, चार दिवस राहिली, आणि तिला न्यायला तिचा नवरा आला. मिरचीच्या व्यापाऱ्याकडे तो वजनकाट्यावर होता. अंगातून मिरचीचा वास कधी जायचा नाही, त्यामुळे आमच्या घरी आला की आधी सगळे शिंकायचे आणि मग हसायचे. चहा झाल्यावर बहीण म्हणाली, अक्का, जाण्याआधी माझीही नखं करून दे. मी रंगांच्या नमुन्यांचा पंखा उघडून तिच्यापुढे धरला. तिचं बोट सवयीने लालवर गेलं. तो शेजारी स्टुलावर बसला होता, बायकांच्या जागेत अवघडल्यासारखा. तरी म्हणालाच, "लाल नको. लाल मी रोज पोत्यानं पाहस." मग स्वतःच पंखा हातात घेतला, उलटसुलट केला आणि एका गडद जांभळट तांबड्या रंगावर बोट ठेवून म्हणाला, "हाऊ लाव. केळफूलना रंग शे हाऊ."

मी तो लावला. अनामिकेवर एक सोनेरी ठिपका दिला. दिव्याखाली तिची बोटं असताना तो वाकून बघत होता, हे सुकतंय की भाजतंय म्हणून. निघताना तिने दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर नाचवले आणि तो लाजला. पुढच्या पंधरवड्यात काट्याजवळच छातीत कळ येऊन तो गेला.

अंत्यविधीला मी गेले होते. बांगड्या फोडताना, कपाळ पुसताना, जोडवी काढताना मी भिंतीला टेकून उभी होते. तिथे बोलायची सोय नसते. माझे वडील गेले तेव्हा आईचं हेच झालेलं मी पाहिलं होतं, त्या वेळी मी सातवीत होते. त्या गर्दीत बहिणीच्या नखांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आई तिच्याजवळ राहिली आणि मी जळगावला परतले. लग्नसराई होती, दिलेल्या तारखा मोडता येत नव्हत्या.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरत लाइनीची गाडी पकडली. मांडीवर मशीनची पेटी होती. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं, आणि मी मनात वाक्यं रचत राहिले. अशी वाक्यं घरात पाऊल टाकलं की निम्मी गळून पडतात.

बहीण आतल्या खोलीत सतरंजीवर बसली होती. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. मी चिंधी सोडली तर नखाचा वरचा पापुद्रा गेलेला, कडेला रक्त सुकलेलं. तिची जाऊबाई, वयाने माझ्या बहिणीपेक्षाही लहान, मला सांगायला लागली. आधी दुकानातून रिमूव्हर आणलं, त्याने ढिम्म हललं नाही. मग पेंटरकडून थिनर आणलं. मग तिनेच ब्लेड घेतलं. करपलेलं पातेलं कसं घासलं ते सांगावं तसं ती सांगत होती. जेल हा साध्या नेलपॉलिशसारखा पुसला जात नाही, तो नखावर धरून बसतो, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. माहीत नसेल तर विचारावं. विचारायला फोन होता, मी होते. पण घाई झाली होती, कारण दहाव्याला माणसं येणार होती.

दारात बहिणीची आत्तेसासू बसली होती. या घरातले सगळे विधी तीच सांगायची. ती स्वतःही कितीतरी वर्षांची विधवा. म्हणाली, "सौभाग्य गयं, आते रंग कसाले? दहावाले बठ्ठी भाऊबंदकी येई. काढी टाक."

आईने मला डोळ्यांनी खुणावलं. काढ, तंटा नको.

मी पेटी उघडली. मांडीवर टॉवेल पसरला, बहिणीचा हात घेतला आणि अंगठा औषधाने स्वच्छ केला. बायका सरकून जवळ आल्या. त्यांना वाटलं, काम सुरू झालं. माझ्या पार्लरमध्ये मी एक नियम कधी मोडत नाही. कोणाच्याही नखाला मशीन लावण्याआधी विचारते. आई घेऊन आलेली असो, सासू घेऊन आलेली असो, ज्याचा हात त्याला विचारते.

मी बहिणीला विचारलं, "काढू का?"

खोलीत चुळबुळ झाली. आत्तेसासू म्हणाली, "तिले काय इचारस?"

राग आला की मी घरची बोली सोडते आणि पार्लरमधली शुद्ध मराठी बोलायला लागते. मी म्हणाले, "आत्या, हात तिचा आहे. तुमचा असता तर तुम्हाला विचारलं असतं."

बहीण आपल्या बोटांकडे बघत होती. मला खात्री आहे की नवरा गेल्यापासून त्या घरात तिला कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता, जेवलीस का याखेरीज. ती म्हणाली, "हाऊ रंग तेसनी पसंत करेल शे. ऱ्हाऊ दे."

मग आत्तेसासूने लोक काय म्हणतील ते सुरू केलं आणि माझा तोल गेला. ज्याच्या नावाने तुम्ही तिचं एकेक पुसताय, म्हटलं, त्यानेच हा रंग निवडलाय. माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून. त्याची तिच्या अंगावर उरलेली शेवटची गोष्ट तुम्ही ब्लेडने खरवडताय, आणि वर याला त्याचा मान म्हणताय. मी बरंच बोलले. काही वाईटही बोलले, आणि त्याचं मला आज काहीही वाटत नाही. सगळं ऐकून आईने पुढे होऊन माझी पेटी बंद केली आणि आपल्या पदराखाली ठेवली. मला वाटलं, आता मला उठवणार. पण ती तशीच पेटी धरून बसली, कोणी ती घेऊ नये म्हणून पाणी द्यायलाही उठली नाही.

दहाव्याला सगळे आले. बहिणीने हात पदरात लपवले नाहीत. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली, त्यांना दुसरं येतं काय?

नंतर नखं वाढत गेली. खालून कोरं नख यायला लागलं आणि केळफुली रंग वर सरकत गेला. दोन बोटांवरचे टवके उडाले. मी तिला फोनवर म्हणायचे, ये, पुन्हा भरून देते. ती नाही म्हणायची. पोळ्याच्या सुमारास ती जळगावला आली तेव्हा बोटं साफ होती. शेवटचे तुकडे तिने घरीच नेलकटरने कापले होते.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि एका दुपारी माझ्या दारात तीच जाऊबाई उभी. भावाच्या लग्नाला जळगावला आली होती. खुर्चीत बसली, टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, तो केळफुली रंग आहे का, तोच लावा.

माझं डोकं सणकलं. त्या हातात ब्लेड मला अजून दिसत होतं. सांगावं का की संपला, की सरळ दार दाखवावं? मी बाटली काढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हा रंग ब्लेडने निघत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. विचार करून सांगा."

तिने हात मागे ओढून मांडीवर घेतला. मग मान खाली घालून, मला जेमतेम ऐकू येईल असं बोलली, "ताई, तुमनी बहीनवर उनी तशी येळ मनावर बी उनी, ते तुम्ही येशात का?"

माझा राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. पण ती त्या खोलीत होती, माझा प्रश्न तिनेही ऐकला होता, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

"येसू," मी म्हणाले. "पन मी इचारसू तवय तोंड तुलेच उघाडनं पडी."

तिने मान हलवली आणि हात परत टेबलावर ठेवला.